अज्ञानाचे हित

कायद्याप्रमाणे माणूस अठरा वर्षांचा होईपर्यंत अज्ञान असतो. अठराव्या वाढदिवशी तो झोपेतून उठतो तो सज्ञान होऊनच. (एका रात्रीत हे कसे जमते, त्यावर कायदा बोलत नाही.) अज्ञानाला स्वतःचे हित कळत नाही, म्हणून परक्या घरी सांभाळायला दिलेल्या मुलांसाठी कोर्ट एक प्रतिनिधी नेमते. व्यवस्था उत्तम आहे.

या प्रकरणातली अज्ञान सोळा वर्षांची होती. नऊ वर्षांत तिला चार घरे आणि सात प्रतिनिधी मिळाले. सगळे कर्तव्यदक्ष. तिची उंची, वजन, दात, पांघरुणे आणि खिडक्या मोजून त्यांनी एकोणचाळीस अहवाल दिले. 'अज्ञानाचे मत' हा रकाना एकोणचाळीस वेळा भरला गेला, तोही दर वेळी एखाद्या सज्ञान माणसाला विचारून. (अज्ञानाला काय विचारणार?)

आठवे प्रतिनिधी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. चौथे घर शिवणकाम करणाऱ्या मावशीचे. मास्तरांनी टेप लावली, तर पोरीची खोली नियमापेक्षा हातभर अरुंद भरली. म्हणजे शुक्रवारी सुनावणी आणि सोमवारी पोरीची रवानगी पाचव्या घरी, दुसऱ्या गावात. मास्तरांना वाईट वाटले. पण आकडा तो आकडा.

टेपचे दुसरे टोक पोरीच्याच हातात होते.

"काका, माझ्या नावापुढे अज्ञान का लिहिलंय?"

"कायद्याची भाषा आहे, बाळ."

"बरं. मग माझं ऐकू नका, पण टेप कपाटाला टेकलीय. भिंत कपाटाच्या मागे आहे."

मास्तर खाली बसले. मग त्यांनी नियमात नसलेली गोष्ट केली.

"तुला इथं राहायचंय का गं?"

"हो."

"का?"

"मावशी माझ्यावर ओरडते."

मास्तरांचे पेन आपोआप हलले. (ओरडणे : दोष क्रमांक अकरा.)

"अहो, तसं लिहू नका! आधीच्या तिन्ही घरी सगळे गोडच बोलायचे. पाहुण्यांशी बोलतात ना, तसं."

आतून मावशी ओरडली, "अगं, त्यांना पाणी तरी विचारलंस का, की नुसती अक्कल शिकवतेयस?"

मास्तरांनी पाण्यासकट सगळे शब्दशः रकान्यात उतरवले. शुक्रवारी न्यायाधीशबाईंनी ते मोठ्याने वाचले. (कामकाजात नोंद : न्यायालय हसले.) खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत धरली, ती चार बोटे जास्तच भरली. मुलगी तिथेच राहील, असा हुकूम झाला. बाहेर बाकावर मावशी तिला म्हणाली, "रडतेस काय गाढवासारखी?" आणि स्वतः पदराने नाक पुसत राहिली.

पुढे परिपत्रक निघाले : प्रत्येक प्रतिनिधीने मुलाला दरमहा स्वतः विचारावे. दोन अधिकाऱ्यांनी विरोध केला, कारण उत्तर वेगळे येण्याचा धोका होता. तरी पहिल्या महिन्यात साठ मुलांना विचारले गेले. सत्तावन्न जणांनी उत्तर दिले. तिघांनी "खरंच विचारताय?" असे विचारले.

वाचकांनी घाबरू नये. हा नियम फक्त कोर्टाने परक्या घरी ठेवलेल्या मुलांसाठी आहे. आपल्याच घरात वाढणाऱ्या पोरांना काही विचारायची सक्ती तुमच्यावर अजून कोणी केलेली नाही.