आधीच संपन्न झालेला क्रीडादिन

"शंभरच ना? बाई, दीडशे पालक आणतो! नाही आणले तर नाव बदलीन!"

हे बोलले भूगोलाचे सर. आता त्यांचं नाव आधीच बदललेलं होतं, हा भाग वेगळा. शाळेत त्यांना सगळे संपन्न सर म्हणत. गेली एकोणीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल तेच लिहीत होते आणि प्रत्येक अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे : "कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला." एकदा प्रयोगशाळेत धूर होऊन सगळी शाळा मैदानात पळाली, तेव्हासुद्धा त्यांनी लिहिलं होतं, "धावपळ उत्साहात संपन्न झाली."

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून बघत होत्या. टेबलावर संस्थेचं पत्र पडलं होतं. गेल्या वर्षी क्रीडादिनाला सव्वीस पालक आले होते, त्यातले नऊ तर दाखला न्यायला आले होते आणि सावली बघून बसले होते. यंदा शंभर पालक जमले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून क्रीडादिन बंद. त्या शनिवारी गणिताचे जादा तास!

"सर, मुलं वर्षभर या एका दिवसाची वाट बघतात हो," बाई म्हणाल्या. "पालकांना कळवायचं काम तुमच्याकडे आहे. काहीतरी करा."

सरांना मनापासून वाईट वाटलं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं त्या दिवशी मैदानावर कशी फुलतात, हे ते दरवर्षी डोळ्यांनी बघत होते. आणि जादा तास गणिताचे! भूगोलाचे असते तर गोष्ट निराळी.

तेव्हा सरांनी शाळेच्या अ‍ॅपवर "उन्हाळी सत्र : पालकांसाठी माहिती" अशी मालिकाच सुरू केली. पहिल्या निरोपात टोपी, पाण्याची बाटली आणि पायमोजे यांविषयी चौदा नियम होते. दुसऱ्यात त्या चौदा नियमांचं स्पष्टीकरण होतं. तिसऱ्यात त्यांनी पालकांना आग्रहाचं निमंत्रण दिलं, तेही अलंकारिक भाषेत. चारशे बारा घरांतून मिळून उत्तर आलं एक. कुणा वडिलांनी विचारलं होतं, "सोमवारी सुट्टी आहे का?"

पण सर खचणाऱ्यांतले नव्हते. निदान अहवाल तरी वेळेवर जावा, म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारीच तो लिहून ठेवला. दचकू नका! सरांची ही जुनी पद्धत होती. कार्यक्रम होण्याआधीच अहवाल तयार. एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना कळून चुकलं होतं की कार्यक्रम काहीही होवो, अहवालात फरक पडत नाही. विजेत्या गटाच्या जागी तात्पुरतं गेल्या वर्षीचं नाव घालायचं, कार्यक्रम संपला की ते दुरुस्त करायचं, बस्स! मग त्यांनी अ‍ॅपमध्ये शनिवारची तारीख टाकली, सहाची वेळ लावली आणि समाधानाने घरी गेले.

वेळ संध्याकाळी सहाची हवी होती. सरांनी लावली सकाळची.

शनिवारी सहा वाजून चार मिनिटांनी बायकोने त्यांना हलवलं. "अहो, क्रीडादिन कसा झाला?"

"संध्याकाळी सांगतो," सर उशीतून म्हणाले.

"पण तुम्ही तर सांगितलंय की!" आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पालकांच्या प्रचंड उपस्थितीत शाळेचा क्रीडादिन पार पडला. निळ्या गटाने अपेक्षेप्रमाणे ढाल पटकावली. नववीच्या एका विद्यार्थिनीने लांब उडीत शाळेचा विक्रम मोडला. प्रमुख पाहुण्यांचे ओघवते भाषण ऐकून अनेकांचे डोळे पाणावले. रस्सीखेचीत शिक्षकांनी पालकांचा धुव्वा उडवला. कार्यक्रम उत्साहात..."

सर ताडकन उठून बसले. अंगात बनियन, पायात एकच चप्पल, अशा अवस्थेत त्यांनी पहिला खुलासा पाठवला : "कृपया आधीचा अहवाल वाचू नये."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी सांगितल्यावर न वाचणारा माणूस तुम्ही पाहिलाय? तोवर चाळीसेक जणांनी वाचला असेल. पाच मिनिटांत तो सगळ्या घरांत वाचून झाला, शेजारीही पोचला.

फोन वाजू लागला.

"सर, मी हिरव्या गटाच्या कप्तानाची आई बोलतेय. पोरगं बूट घालून दाराशी उभं आहे आणि तुम्ही म्हणता निळे जिंकले?"

"नाही हो ताई, निकाल अजून ठरायचाय!"

"ठरायचाय? आणि ठरवतं कोण, ते तरी कळू द्या!"

सरांनी घाईघाईने दुसरा खुलासा केला : "निकाल कोणीही ठरवलेला नाही. पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये." पुढच्या दहा मिनिटांत बत्तीस घरांनी विचारलं, अफवा कसली? म्हणून तिसरा खुलासा केला : "घाबरण्यासारखे काहीही घडलेले नाही. पालकांनी शांतता राखावी." हा वाचल्यावर तर जे शांत होते त्यांनीही चहा अर्धा टाकून कपडे बदलले.

"आता चौथा नका पाठवू," बायकोने फोन काढून घेतला. "नाहीतर लोक सामान बांधून गाव सोडतील!"

एवढ्यात तिच्या हातातला फोन पुन्हा वाजला. पलीकडे प्रमुख पाहुणे होते. हे अग्निशमन दलाचे प्रमुख. माणूस आगीत शिरताना मागेपुढे पाहणारा नव्हता, पण बोलायचं म्हटलं की चार शब्दांत आटपायचा, त्यातले दोन "बरं, बरं" असायचे. त्यांची मुलगी आठवीत होती, त्यामुळे अहवाल त्यांच्या घरीही पोचला होता.

"सर, हे डोळे पाणावले म्हणजे काय?" साहेबांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं. "मी फक्त 'शुभेच्छा' म्हणून खाली बसणार होतो हो!"

"तेच म्हणा साहेब, काही हरकत नाही."

"हरकत कशी नाही? आईने वाचलंय! ती म्हणाली, माझा मुलगा असं भाषण करणार आणि मी घरी बसू? ती निघालीये. चांगली साडी नेसलीये. आता मी तिला रडवू कसा?"

सरांनाच रडू फुटायच्या बेतात होतं. ते कसेबसे तयार झाले आणि शाळेकडे धावले. मनात एकच विचार होता : बाईंच्या पाया पडायचं, मालिका बंद करायची, आणि उरलेलं आयुष्य नकाशे गुंडाळण्यात घालवायचं.

शाळेच्या फाटकाशी आले तर आत शिरायला जागा नव्हती.

दोन्ही कडेला गाड्या लागलेल्या. वडील, आया, काका, मावश्या, कडेवर लहान भावंडं. शिपाईकाका एका वहीत रेघा मारून माणसं मोजत होते. सरांना बघून ते ओरडले, "सर, तीनशेपर्यंत मोजले, मग पेन संपलं! खुर्च्या तर केव्हाच संपल्या!"

जो तो अहवाल कागदावर छापून घेऊन आला होता. लांब उडीच्या खड्ड्याभोवती नववीच्या अकरा आया दाटीवाटीने उभ्या होत्या, कारण विक्रम आपलीच मुलगी मोडणार याबद्दल अकराही जणींची खात्री होती. निळा गट सोडून बाकीचे तीन गट असे पेटले होते की शिट्टी सरांना, म्हणजे खेळाच्या सरांना, शर्यतीआधीच चार वेळा शिट्टी मारून पोरांना मागे ओढावं लागलं. निळ्या गटाची पोरं मात्र निवांत होती. आपण जिंकलोय हे छापूनच आलंय म्हटल्यावर पळायचं कशाला? रिलेमध्ये त्यांच्या तिसऱ्या गड्याने धावता धावता प्रेक्षकांना हात केला आणि काठी खाली पाडली. निळे चौथे आले. गटही चारच होते.

मोठ्या बाई मंडपात उभ्या होत्या. सर त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"बाई, चूक झाली."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, ते सरांना उमगेना. "आधी भाषण आहे. बसा."

प्रमुख पाहुणे माईकपाशी आले. पहिल्या रांगेत त्यांची आई हातात रुमाल तयार ठेवून बसली होती. साहेबांनी घसा खाकरला. मैदान शांत झालं. सगळ्यांच्या हातांतले कागद वर आले.

"बरं," साहेब म्हणाले. मग त्यांनी माईक उगाच वरखाली केला. "बरं. मला बोलता येत नाही. आज सकाळी वाचलं की माझं भाषण ऐकून लोक रडले. तेव्हापासून मीच रडकुंडीला आलोय."

लोक हसले. साहेबांना जरा धीर आला.

"मी शाळेत कायम शेवटचा यायचो. पण प्रत्येक शर्यतीला आई यायची. सगळे घरी गेले तरी मी पोचेपर्यंत ती उभी असायची. आज तुम्ही सगळे आलात, ते बघून मुलांना किती बरं वाटलं असेल, ते मला ठाऊक आहे. बरं. शुभेच्छा."

आणि ते धपकन बसले. त्यांच्या आईने शेजारणीचा हात धरला, "अहो, सलग बोलला हो तो! जन्मात पहिल्यांदा!" आणि ती घळाघळा रडायला लागली. तिला बघून शेजारीण रडली, तिच्या मागच्या दोघी रडल्या, पालकांतले एक बेकरीवाले तर नाक शिंकरून म्हणाले की डोळ्यांत धूळ गेली. संपन्न सरांनीही चष्मा काढून पुसला. आपला अहवाल इतका तंतोतंत खरा होताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पण सुख फार टिकलं नाही, कारण शिट्टी सरांनी पुकारलं, "रस्सीखेच! शिक्षक विरुद्ध पालक!"

मैदानात एकच गलका झाला. "धुव्वा उडवणार होते ना! या म्हणावं!" गेल्या वर्षी पालकांकडून पाच जण मिळताना मारामार झाली होती. यंदा साठ जण पुढे आले. शिट्टी सरांनी त्यांतून आठ निवडले. सगळ्यांत पुढे होते बेकरीवाले. हा माणूस रोज पहाटे मैद्याच्या गोण्या उचलत असे. त्यांच्या मागे दातांच्या डॉक्टरीणबाई बाह्या वर करून उभ्या राहिल्या. ओढायचा सराव त्यांना रोजचाच.

संपन्न सर हळूच मंडपामागे सरकत होते. बाईंनी त्यांना कोपराला धरून परत आणलं. "लिहिलंत तुम्ही, आता ओढा तुम्हीच! आणि सगळ्यांत पुढे!"

"बाई, माझा विषय भूगोल आहे!"

"मग जमिनीची ओळख असेलच." असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि स्वतः त्यांच्या मागे रस्सी धरली. मुलांनी असा काही जल्लोष केला की शिट्टी ऐकूच आली नाही.

झटका बसला. पहिल्या क्षणी शिक्षक टिकले. दुसऱ्या क्षणी सरांचा एक बूट मागे राहिला आणि ते पुढे गेले. तिसऱ्या क्षणी चुन्याची रेघ त्यांच्या पोटाखालून सरकली. डोळे उघडले तेव्हा ते पालकांच्या बाजूला आडवे होते, वर बेकरीवाले हसत होते, आणि डॉक्टरीणबाई वाकून विचारत होत्या, "दात शाबूत आहेत ना?" मागे मोठ्या बाई मातीत बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. सात वर्षांत बाईंना कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. सरांनाही हसू आलं, ते आवरेना. अंगभर चुना, एका पायात बूट, आणि चारशे पोरं "संपन्न सर! संपन्न सर!" म्हणून ओरडतायत! इतका आनंद त्यांना कुठल्याच अहवालात मावला नसता.

सगळं आवरल्यावर बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन गर्दी बघून गेले होते. क्रीडादिन कायम राहणार होता. जादा तास रद्द!

"आता नीट अहवाल लिहा," बाई म्हणाल्या. "खराखुरा. जे झालं तेच."

सरांनी दोन तास खपून लिहिला. हिरवा गट पहिला, निळा चौथा. लांब उडीत विक्रम मोडला नाही, पण अकरा मुलींनी तो मोडायचा कसून प्रयत्न केला. पाहुण्यांच्या भाषणाने डोळे खरोखरच पाणावले. रस्सीखेचीत पालकांनी शिक्षकांचा धुव्वा उडवला. हे शेवटचं लिहिताना ते दोनदा पाणी प्यायले. मग वेळ तीन वेळा तपासली, बायकोकडून चौथ्यांदा तपासून घेतली, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला अहवाल पाठवला. रात्री गाढ झोपले.

रविवारी सकाळी साडेआठला शिपाईकाकांचा फोन आला.

"सर, जरा शाळेत येता का? इथे फाटकाशी साठ-सत्तर पालक जमलेत. बेकरीवाले रस्सी मागतायत. म्हणतायत, काल संध्याकाळी अहवाल आलाय, तेव्हा आज क्रीडादिन असणारच!"