कॅमेऱ्याचा टिळा

अनसिंगच्या इंद्रभान फोटोवाल्यानं नवा मिररलेस कॅमेरा घरी आणला आणि पहिलं भाषण आईलाच ऐकवलं.

"माय, याच्यात आरसा नाई. एक डोया मिचकावून भोकात पाहाचं काम आता संपलं. मांगच्या पडद्यावर पाहाचं अन् बोट लावाचं. पुढच्या जमान्यात हे भोक राह्यतच नाई."

"मंग देलं काहून?" चतुराबाईनं विचारलं.

"जुन्या लोकायसाठी. पंजाबरावसारख्या."

पंजाबराव हा गावातला दुसरा फोटोवाला. त्याच्या कॅमेऱ्यातला आरसा असा खटाक् आपटे, की नवरी पाटावरून टुणकन उठे आणि दोन गल्ल्यांपलीकडची म्हैस आटे.

दुसऱ्या दिवशी मेडशीला हिरालालभाऊंच्या थोरलीचं लग्न होतं. मागं आणखी तीन पोरी होत्या. फोटो पसंत पडले तर तिघींची लग्नं इंद्रभानकडे, नाहीतर पंजाबरावकडे, असं हिरालालभाऊंनी तोंडावर सांगितलं होतं.

निघताना कॅमेऱ्याची पूजा झाली. "समोरच्या काचीले हात लावू नको, माय. लई नाजूक हाय," इंद्रभाननं बजावलं. चतुराबाईनं मग कॅमेरा फिरवून मागून न्याहाळला. भोकाच्या अगदी वर काळी चकचकीत टिकली होती.

"पाय, कंपनीनं टिळ्याची जागाबी ठेवली," म्हणत तिनं तिथं ओल्या कुंकवाचं जाड बोट टेकवलं. पूजेचा टिळा दिवस मावळेपर्यंत पुसायचा नाही, हा घरचा नियम. फवारणीच्या पंपालाही तो लागू होता.

मेडशीच्या मांडवात इंद्रभाननं ऐटीत कॅमेरा छातीपुढं धरला. पडदा काळा. बॅटरी काढली, घातली. काळाच. घाबरून भोकाला डोळा लावला, तर आत नवरी लख्ख. डोळा काढला की मागं पुन्हा अमावस्या.

पंजाबराव पाहुणा म्हणून समोरच्याच खुर्चीवर होता. "काय इंद्रभान, डोया लावाचं संपलं म्हणे?"

"तुमचं संपलं, पंजाबराव. माहं आता सुरू झालं."

आता माघार नव्हती. गर्दीच्या डोक्यांवरून फोटो हवा, तर कॅमेऱ्याबरोबर डोळाही वर न्यायला हवा. इंद्रभान कूलरवर चढला. पाया पडतानाचा फोटो हवा, तर डोळाही जमिनीला लागायला हवा. तो अक्षतांत सपशेल आडवा झाला.

"अवो, फोटोवाल्याले भोवळ आली," म्हणत नवरीची मावशी भागिरथा धावली. तिनं कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला.

"मावशी, मी फोटो काढून राह्यलो."

"बोलू नको बापा. हुंग."

कांदा डोळ्यांत उतरला आणि पाठवणीपर्यंत पाणी खळेना. हिरालालभाऊ दगडासारखे उभे होते. परका फोटोवाला आपल्या पोरीसाठी धाय मोकलून रडतोय हे पाहून त्यांचाही बांध फुटला. इंद्रभाननं ओला डोळा भोकाला लावूनच तो फोटो टिपला.

घरी येईपर्यंत दिवस मावळला होता. "माय, कॅमेरा बिघडलेला निंघाला. पडदाच लागत नाई," तो म्हणाला. चतुराबाईनं पदरानं टिळा पुसला आणि पडदा भक्कन उजळला. इंद्रभाननं त्या टिकलीवर बोट ठेवलं. पडदा मिटला. काढलं, उघडला. डोळा जवळ आला की पडदा मिटवायचा, एवढंच टिकलीचं काम. ती बिचारी दिवसभर कुंकवालाच डोळा समजत होती.

"बरा झाला, माय," म्हणत त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला.

आठव्या दिवशी हिरालालभाऊंचा फोन आला. "इंद्रभान, फोटो पाह्यले. मी रडलो तो तं भिंतीवर लावला. तिघीयचे लग्नं तुह्याकडंच. पण तसंच लोटांगण घालाचं, अन् तसंच रडाचं. पाहुणे म्हणते, एवढा जीव लावणारा फोटोवाला पाह्यला नाई."

दुसऱ्या पोरीच्या लग्नाच्या सकाळी इंद्रभाननं कॅमेऱ्याची पाठ आईपुढं धरली. "माय, टिळा लाव. जाड. पडदा दिसला का मले आळस येते."

चतुराबाईनं बोट कुंकवात बुडवलं. "अन् कांदे किती देऊ?"

"दोन दे."