हौदातला नाग

गंज बाजारातलं बियाण्याचं दुकान अर्धं लोटून शिवमूर्ती दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा दारात पाण्याचा टँकर उभा होता आणि गल्लीतल्या साठ-सत्तर घागरी रांगेला लागल्या होत्या. त्या उन्हाळ्यात असं दृश्य बघून लातुरातल्या कुठल्याही माणसाला भरून आलं असतं. शिवमूर्ती मात्र टँकरपाशीच थबकला. टँकरची जाड नळी त्याच्याच अंगणात शिरली होती आणि ती धरलेला माणूस हौदाचं झाकण कुठं आहे, असं विचारत होता.

"शिवा, आलास? बरं झालं," त्याची आई गौरम्मा म्हणाली. तिला घरात आणि गल्लीतही सगळे अव्वाच म्हणत. "ह्या ओव्हरसियर सायबाला म्हनलं, आमचा हौद घ्या की. दोन वर्सं कोरडा पडून हाय. आता एक दिसाआड टँकर हितंच रिता होनार, अन् सगळी गल्ली हितनंच पानी न्हेनार."

"मला इचारायचं तरी, अव्वा!"

"पानी पाजायला काय इचारायचं असतंय?"

हौद कोरडा होता हे खरं. पण तो रिकामा नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा उस्मानाबादेहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर अनंतराव नावाचे एक कारकून आले आणि शिवमूर्तीच्या शेजारी भाड्यानं राहिले. त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. तो दर सुट्टीत एखाददुसरी बाटली आणून देई. कधी स्कॉच, कधी संत्र्याच्या सालीची गोड दारू, कधी कॉफीच्या वासाची. अनंतराव पिणारे नव्हते, चाखणारे होते. "आधी वास, मग जीभ, मग घसा," ते सांगत. "गिळायची घाई करतो तो बेवडा." शिवमूर्तीला हे फार पटलं. पण दोघांच्याही घरी बाटली ठेवण्याची सोय नव्हती. शिवमूर्तीच्या घरात तर दुसऱ्यांदा चहा मागितला तरी अव्वा त्याला व्यसन म्हणायची. मग त्यालाच हौद सुचला. जमिनीखालचा, फरशीचा, उन्हाळ्यातही गार, आणि पाणी नसल्यामुळे कुणी झाकणसुद्धा उघडत नसे. दर बाजारसुट्टीला, बायका मठात गेल्या की दोघं लोखंडी शिडीनं खाली उतरत, कंदील लावत आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात चाखत बसत. पुस्तकात बघून मिश्रणंही करत. त्यात कडू अर्काचे चार थेंब लागत. तो मिळेना, म्हणून अव्वाच्या औषधाच्या फडताळातला काडेकिराईताचा काढा त्यांनी वापरून पाहिला होता, आणि अनंतरावांच्या मते तो मूळ वस्तूपेक्षा सरस होता.

त्या दिवशी हौदात पाच बाटल्या होत्या. शिवाय लोणच्याची एक बरणी होती. उद्याच्या सुट्टीसाठी अनंतरावांनी स्कॉच, संत्र्याची दारू, साखर आणि काढा एकत्र करून ती मुरत ठेवली होती. तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं होतं.

"सायेब, हौदाला तडा हाय," शिवमूर्ती म्हणाला. "पानी ऱ्हात न्हाई."

"उतरून बघतो की," ओव्हरसियर बाह्या सारत म्हणाला.

"नगं! आत... आत साप हाय!"

घागरी दोन पावलं मागं सरकल्या.

"केवढा?" शेजारच्या पारूबाईनं विचारलं.

शिवमूर्तीनं हात पसरून दाखवला. हात थरथरत होते, त्यामुळे साप लहानमोठा होत राहिला.

"फडा होता का?"

"व्हता की. मोठा व्हता."

अव्वानं तिथंच हौदाकडं तोंड करून हात जोडले. पण पारूबाईच्या घरात चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता. ती म्हणाली, "मंग सोडा की पानी! साप काय बुडतंय? पवत वर येतंय. वर आलं की बघू."

"बरोबर हाय," नळीवाला म्हणाला. टँकरच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "दहा मिंटं थांबतो. न्हाई तर चाललो म्होरल्या गल्लीला. तिथं साप न्हाई."

बायकांनी शिवमूर्तीकडं असं बघितलं, की नागसुद्धा शरमला असता. टँकर गेला तर गल्ली आपल्याला जन्मभर विसरणार नाही, आणि पाणी सोडलं तर बरणी उलटून ते सगळं गल्लीच्या पाण्यात मिसळणार. त्याच पाण्यानं मठातल्या स्वामींची घागर भरणार.

"मी उतरतो," तो म्हणाला.

"आवं, येड लागलं का तुमाला!" त्याची बायको महानंदा किंचाळली.

"कुनी वाकून बघू नका. फुत्कार टाकतंय," असं म्हणून त्यानं काठी, कंदील आणि बारदानाचं एक रिकामं पोतं घेतलं आणि तो खाली उतरला.

खाली गेल्यावर त्यानं आधी दोन-चारदा काठी आपटली. वर बायका "अगं बाई गं" म्हणाल्या. मग त्यानं पाची बाटल्यांची बुचं दाबून बसवली, त्या पोत्यात घातल्या, वर दगड ठेवला आणि पोतं कोपऱ्यात सारलं. काच ती, पाण्याखाली राहिली तरी काय होणार होतं? राहिली बरणी. ती पोत्यात आडवी झाली की संपलंच. वर न्यावी तर अव्वाची बरणी अव्वा ओळखणार. ओतून द्यावी तर हौदातच ओतावी लागणार.

"झालं का, आप्पा?" वरून ड्रायव्हर ओरडला. "चार मिंटं ऱ्हायली!"

शिवमूर्तीनं आजवर अंगठ्याएवढ्या दोन पेल्यांपलीकडं मजल मारली नव्हती. त्यानं फडकं सोडलं, डोळे मिटले आणि बरणी तोंडाला लावली. वास घ्यायला वेळ नव्हता, जीभ मधे आलीच नाही, सगळं काम घशानं केलं. मग धोतराच्या सोग्यानं त्यानं बरणी आतून कोरडी पुसली आणि तीही पोत्यात कोंबली.

शिडी चढताना त्याला पायऱ्या दुप्पट झाल्यासारख्या वाटल्या. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"गेला," तो म्हणाला. "भोकातनं गेला. शोडा पानी."

"शोडा म्हनलं!" पारूबाई ओरडली. "जीभ जड झाली! चावला गं बाई, चावला!"

शिवमूर्तीला नाही म्हणायचं होतं, पण त्याचे पाय आधीच निर्णय घेऊन बसले होते. तो खाली बसला. महानंदानं हंबरडा फोडला. कुणी त्याच्या पायाला दोरी आवळली. कुणीतरी कडुलिंबाचा पाला तोंडात कोंबला, कारण विष चढलं असेल तर तो कडू लागत नाही म्हणतात.

"कडू लागतंय का, शिवा?" अव्वानं रडत विचारलं.

शिवमूर्तीनं तो सावकाश जिभेवर फिरवला. "लागतंय," तो विचार करून म्हणाला. "पर किराईत याच्यापरीस बरं."

भ्रमिष्ट झाला, यावर एकमत झालं. त्याला बाजेवर घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टर वीरभद्रांच्या दवाखान्यात नेलं. मागं टँकरची नळी सुटली आणि हौदात पाणी धो धो पडू लागलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. पाय बघितला, डोळे बघितले. मग ते शिवमूर्तीच्या तोंडाजवळ वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"शिवमूर्तीअप्पा," ते हळूच म्हणाले, "साप देशी होता का विलायती?"

शिवमूर्तीनं मान खाली घातली. "विलायती."

"मग धोका नाही." ते हात धुऊन आले आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, "एकटाच होता का?"

"आजून पाच हायती."

डॉक्टर बाहेर गेले आणि त्यांनी जाहीर केलं, की विष उतरतंय, रात्रभर ताक पाजा, उद्या मी स्वतः घरी येऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. त्यांच्या हातात औषधाची पेटी नव्हती, मोठा टॉर्च होता. बरोबर अनंतरावही आले. त्यांना सगळी हकिगत कळली होती आणि तोंड सुतकी झालं होतं. तिघं अंगणात आले आणि जागीच थांबले.

हौदाच्या तोंडावर गवंडी बसला होता. झाकण निघालं होतं, शिडी उपसून भिंतीला लावली होती. चहूबाजूंनी सिमेंटात फरश्या बसल्या होत्या आणि मधे फक्त बादली जाईल एवढं भोक ठेवलेलं होतं.

"हे काय, अव्वा?" शिवमूर्तीनं विचारलं.

"गल्लीनं मिळून केलं, बाबा," अव्वा म्हणाली. "नागप्पा आतल्या भोकातच हाय. त्यानं तुला सोडलं, आता आपुन त्याला सुकानं ऱ्हाऊ द्यायचं. हितनं म्होरं हौदात कुनी उतरायचं न्हाई."

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. अनंतराव काठावर टेकले.

"बसा, डॉक्टरसायेब. तुमी माजं लेकरू वाचिवलंव." अव्वानं दोरी सोडली, बादली वर काढली आणि तीन पितळी पेले भरून तिघांच्या हातात दिले. "नव्या तोंडाचं पैलं पानी तुमचं."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. अनंतरावांनी पेला नाकाजवळ नेला, वास घेतला, एक घोट जिभेवर धरला आणि थांबले. डॉक्टर त्यांच्या चेहऱ्याकडं मोठ्या आशेनं बघत होते.

"नुसतं पाणी," अनंतराव म्हणाले.

"हाव, नुसतं पानीच," अव्वा कौतुकानं म्हणाली. "गटागटा पिऊ नका. एक-एक घोट घ्या. असलं कुटं मिळतंय आता!"

आणि ते तिघं, भर दुपारी, हौदाच्या ओल्या सिमेंटाशेजारी बसून, एक-एक घोट घेत राहिले.