दगाआप्पांच्या गाडीतला उंदीर

दगाआप्पांना चहाच्या आधी गाडीच्या बिघाडाचा कोड लागतो. उठले की स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसायचा आणि मोबाईलवर उमटेल ते गल्लीभर ऐकवायचं, "पी झीरो वन झीरो टू!" आमच्या तळोद्याच्या गल्लीतल्या पोरांना तेराचा पाढा येत नाही, हा कोड येतो.

आप्पा कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर. मेकॅनिकवर काडीचा विश्वास नाही. "सेन्सर खोटं बोलस, वायर खरं बोलस," हे त्यांचं ब्रीद. हवा मोजणारा सेन्सर दोनदा बदलला, तरी स्टिअरिंगसमोरचा बिघाडाचा पिवळा दिवा हटेना. मग ओट्यावर वायरी पसरून ते महिनाभर येईल त्याला समजावत बसले. मी "दूध आणायचंय" म्हणून सटकायचो. दिवसातून तीनदा दूध! शेवटपर्यंत ऐकायच्या त्या एकट्या काकू, आप्पांच्या बायको, दारात तिखट चाळत.

अखेर एक सैल वायर सापडली. दिवा विझला, आप्पांनी पेढे वाटले. आठवड्यात दिवा परत! तोही नेमका मंगळवारी आणि शुक्रवारी, काकूंना डायलिसिसला नंदुरबारला न्यायचं तेव्हाच. दिवा दिसला की काकू म्हणणार, "गाडीले बरं नही, आज ऱ्हाऊ द्या." एकदा आप्पांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी काकूंना धाप लागली, अंग सुजलं, आणि आप्पा माझ्या ओट्यावर ढसाढसा रडले.

"उंदीर वायर काढस," असा त्यांनी निकाल दिला. पिंजरा आणून त्यात भजं ठेवलं. ते मुंगळ्यांनी खाल्लं.

गेल्या शुक्रवारी बॉनेटचा दांडा मोडला म्हणून त्यांनी मला ते धरायला बोलावलं. सेन्सरचा प्लग निघालेला होता आणि त्यावर तिखटाची दोन लाल बोटं उमटली होती.

"आप्पा, उंदीर तिखट खातो?"

"आपला नंदुरबारना उंदीर शे भो, मिरचीना गावना. खास." रुमालाने बोटं पुसून त्यांनी प्लग खटकन बसवला. मग हळूच म्हणाले, "मीच शिकाडं तिले. कोन्ही आयके नही, ती बिचारी आयके. सुया टोची टोची कटाळी गयी ती."

मला माझ्या त्या दुधाची फार लाज वाटली.

काकू येऊन गाडीत बसल्या. विझलेल्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, "सापडना का उंदीर?"

"नही वं, पयी गया," आप्पा त्यांचा पट्टा लावत म्हणाले. "मंगळवारले येई परत."

काकू पदर तोंडाशी धरून हसल्या, आणि आप्पांनी गाडी काढली.