गेनबानानांचं राखीव वन

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला माणूस अंगभर तेल लावतो. आमचे शेजारी गेनबानाना मात्र दोन जागा कोरड्या ठेवायचे. एक डाव्या बरगडीवरची वीतभर, दुसरी मांडीवरची. तिथं चुकून थेंब ओघळला तर धोतराच्या सोग्यानं टिपायचे आणि पलटणीतल्या आवाजात स्वतःवरच ओरडायचे, "जैसे थे!"

मी महाळुंग्यात नवीनच नांदायला आलेली. ओट्यावरून हे बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "नानांना तेल सोसत नाही का हो?"

"सोसतंय की. पन ते लढाईतले वन हायेत. तेलानं पुसट झाले तर बोर्डाला काय दाखवतील?"

आमच्याकडं पाण्याला पानी म्हणतात, तसं वणाला वन. पुढचा सगळा घोटाळा ह्या एका अक्षराचा, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नाना मोठ्या लढाईत पार इटलीपर्यंत गेलेले. बरगडीला तोफगोळ्याची कपची लागली, मांडी काटेरी तारेनं फाटली. परत आल्यावर पेन्शन मागितली, तर डॉक्टरांच्या बोर्डानं सांगितलं, जखमा छान भरल्यात, घरी जा. नाना ज्याला त्याला विचारायचे, "जखम व्हती तवा म्हनले, भरू द्या, मंग बघू. भरली तर म्हनतात, आता काय बघायचं? मंग बघायचं कवा, राव?"

म्हणून त्यांनी अपील केलेलं. ते लागेपर्यंत वण जपायचे. पोरं दारात यायची, "नाना, इटली दाखवा!" की सदरा वर. पाहुणा आला तर आधी इटली, मग पाणी. मांडी तेवढी बायामाणसांना माफ होती.

पण मला कोडं पडलं होतं ते तिसऱ्या वणाचं. तो उजव्या मनगटावर होता. चकाकता, कातडी ओढून धरलेला. त्यापायी नानांची दोन बोटं आत वळून बसली होती. नांगराची मूठ धरता येईना म्हणून जमीन वाट्यानं दिली आणि स्वतः चाकणच्या कांदाबाजारात राखणीला जाऊ लागले. ऊन असो, थंडी असो, जायचं पायी. पेन्शन मिळाली तर ती राखण सुटणार होती. आणि ह्या वणाला मात्र नाना रोज तेल लावायचे! दोन कोरडे, एक तेलातला. असं का? एकदा धीर करून विचारलंच.

"ते सरकारी न्हाई, सूनबाई," म्हणाले आणि बाही खाली ओढली. विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

मधे एकदा अपील अडलं, तेव्हा नानांनी तालुक्याला जाऊन कचेरीबाहेर बसणाऱ्या एका गृहस्थांकडून अर्ज लिहून घेतला. नाना बोलले तसं त्यांनी शुद्ध अक्षरात उतरवलं: 'डाव्या बाजूस वीतभर व मांडीवर चार बोटे वन असून, त्याचे नुकसानभरपाईबाबत विचार व्हावा.' आतल्या साहेबांना वाटलं, मांडी हे टेकडीचं नाव. त्यांनी अर्ज धाडला जंगलखात्याकडं.

एका दुपारी खाकी कपड्यातला गार्ड घाम पुसत आला. "गेनबा तुम्हीच? वन कुठाय तुमचं?"

नानांना वाटलं, अपिलाचा माणूस! त्यांनी खाडकन सलाम ठोकला आणि सदरा वर केला. "ह्ये बघा!"

गार्ड नानांच्या पाठीमागं झाडं शोधायला लागला. "कुठं?"

"ह्ये काय, डाव्या बाजूला!"

"आणि मांडीवरचं?"

नानांनी धोतराला हात घातला तशा मी आणि सासूबाई घरात पळालो.

घोटाळा उलगडल्यावर गार्ड हसून हसून बाजेवर बसला. चहा घेता घेता म्हणाला, "नाना, तुमचं वन आमच्या कामाचं नाही. आमचं वन राखीव असतं. राखीव म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही."

नानांना शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाज राखीव, तंबाखूची चंची राखीव.

शेवटी बोर्डाचं बोलावणं आलं. आमच्या ह्यांची पिंपरीच्या कारखान्यात शिफ्ट. पुण्यातल्या पाट्या वाचायला कुणीतरी हवं म्हणून मी निघाले, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला सासूबाई. दवाखान्यात दाराला अर्धा पडदा होता. बाहेरच्या बाकावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बरगडी उत्तम," डॉक्टर म्हणाले. "मांडी उत्तम. बाबा, तब्येत झकास आहे तुमची."

"झकास म्हनू नका, सायेब." नानांचा आवाज पडला.

"हात बघू. बोटं उघडा. उघडत नाहीत? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! भाजलंय हे. लढाईतच भाजलं असेल, नाही का? तेवढं सांगा, मी लिहितो."

सासूबाई मोठ्यानं खोकल्या. मग त्या पुन्हा खोकल्या, आणि त्या खोकल्यातून स्पष्ट ऐकू आलं, "व्हय म्हना!"

"न्हाई सायेब," नाना म्हणाले. "ह्ये सरकारी न्हाई. ह्ये राखीव हाय."

"राखीव?"

"व्हय. ह्याला सरकारनं हात लावायचा न्हाई. जैसे थे."

बाहीचं बटण लावत बाहेर आले. अपील तिथंच संपलं.

परतीच्या मोटारीत सासूबाईंनी तोंड सोडलं. "खोकून खोकून घसा बसला माझा! जीभ बी राखीव ठिवली व्हती का?"

मला राहवेना. "नाना, कशानं भाजलं होतं?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाकानं. आमची कारभारीन बाळंत झाली. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. डिंकाचे लाडू कोन करनार? म्हनलं, आमी करू. अख्ख्या पलटनीचा डाळभात रांधलाय आमी. पन गुळाचा पाक पलटनीत नव्हता. कढई कलंडली, पाक मनगटावर."

"आणि लाडू?"

"उरल्या पाकाचे वळले की, डाव्या हातानं. नुसते तोफंचे गोळे. तिनं बत्त्यानं फोडला एक. आन् हसली. लई हसली."

मायलेकरू त्याच महिन्यात गेलं, हे सासूबाईंनी मला घरी आल्यावर सांगितलं.

पुढची दिवाळी आली. नानांनी बरगडीवर चपचपीत तेल चोळलं, मांडीवर चोळलं. "आता सरकारला नकोत ना? खाऊ द्या तेल." मग मनगट घेतलं. तिथं मात्र बोटं हळूहळू फिरत होती.

मी वाटी भरून देत विचारलं, "नाना, तेलानं वण पुसट होतो म्हणायचात. मग ह्यालाच रोज कसं लावत आलात?"

"ती बाजंवर पडल्या पडल्या लावायची," नाना म्हणाले. "म्हनायची, रोज लावा, जाईल. तिनं सांगितलंय म्हनून लावतो."

मग मनगट पणतीपाशी नेऊन त्यांनी नीट निरखून बघितलं.

"जात न्हाई, ते बरं हाय."