चेअरमनसाहेबांना लागलेल्या मुंग्या

आमच्या शेजारच्या मुरलीधर मास्तरांनी एकदा माझ्या नेसत्या धोतराचा सोगा कात्रीने कापून नेला आणि वर मलाच सुनावलं, "नशीब समजा, समाजाच्या कामी आलं." धोतर आणून आठवडासुद्धा झाला नव्हता.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. बाकीचे लोक चित्रं काढतात, हे चिकटवत. टँकरच्या नळीचा तुकडा, उसाचं पाचट, चारा छावणीतल्या बैलाचे केस, माझ्या धोतराचा सोगा, सगळं कागदावर. वर कोळसा फासायचा आणि शेजाऱ्यांना बघायला धरून आणायचं. "दुष्काळ काढता येत न्हाई, चिकटवावा लागतो," हे पालुपद. काही कळलं नाही म्हणालो, तर म्हणत, "तुमी कारकून. तुमाला कसं कळंल?" आम्ही घागरी घेऊन टँकरमागे धावायचो आणि हे टँकर कुठून देखणा दिसतो ते न्याहाळत उभे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

त्या वर्षी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसाठी मास्तरांनी दाराएवढा कागद सजवला. मधोमध जुन्या अहवालातून कापलेला चेअरमनसाहेबांचा फोटो, भोवती आमचा अख्खा तालुका. कणकेची खळ करायला पाणी कुठलं? म्हणून ह्या शहाण्यानं सगळं मळीनं चिकटवलं. मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा गोड चिकटा. सभेच्या सकाळी कारखान्याच्या मंडपात टांगलेल्या कागदावर बघतो तर मुंग्यांची रांग साहेबांच्या मिशीवरून थेट नाकात. सभासद हसून हसून लोळले. साहेब करवादले, "कोन बे ह्यो? फाडा ते!"

मी कारखान्याचा कारकून, शिवाय धोतराचा राग होताच. मीच पुढे झालो.

मला वाटलं, मास्तर आता समाजावर भाषण ठोकणार. साहेब फाटले, टँकर फाटला, तरी ते हात मागे बांधून बघत राहिले. खालच्या कोपऱ्याला हात घातला तेव्हा मात्र धावत आले आणि माझे पाय धरले.

"तेवढं न्हाई, अण्णा! अक्काचा अंगठा हाय त्यो."

तोवर कागद फाटला होता, काजळीत उमटवलेल्या अंगठ्याच्या बरोबर मधून.

अक्का त्यांची थोरली बहीण. तिने ऊस तोडून ह्यांना शिकवलं, हे मला ठाऊक होतं. गेल्या हंगामात ती फडातच वारली, तेही.

"तोडीला निघाली तवा उमटवून घेतलता," मास्तर म्हणाले. "फोटू न्हाई तिचा एकबी. सभेत तिला कोनी बसू दिलं असतं? म्हनून कागदावर आनली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, तळहातावर जुळवून धरले आणि भर उन्हात गावाकडे चालू लागले. माझ्याकडे सायकल होती, पण बसा म्हणायला तोंड उरलं नव्हतं. मी सायकल ढकलत त्यांच्या मागून चालत राहिलो.