विरळ हवेतले कीटोन

माणूस जसजसा उंच चढतो तसतशी हवा विरळ होत जाते, आणि हवा विरळ झाली की माणसाला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं, हा निसर्गनियम आहे. डोंगरात राहणाऱ्यांना तो लागू नाही, कारण तिथे दुकानं नसतात. नाशिकच्या गंगापूर रोडला मात्र तो पूर्णांशाने लागू होतो.

रंगनाथ बोरस्ते मूळचे सायखेड्याचे, ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे व्यापारी, वय चोपन्न. एका सप्टेंबरात ते लडाखला एकवीस किलोमीटरची शर्यत धावायला गेले. विमानातून उतरले ते थेट दुसऱ्या दिवशी धावायला उभे राहिले. पहिले साडेतीन किलोमीटर उत्तम गेले. उरलेलं अंतर त्यांनी आयोजकांच्या ट्रकमध्ये आडवं पडून, नाकाला ऑक्सिजन लावून, बऱ्यापैकी चांगल्या वेळात पूर्ण केलं.

परतल्यावर त्यांनी ‘उच्चस्थल क्षमता संवर्धन मंडळ’ स्थापन केलं. सभासद आठ : रंगनाथरावांसह चार व्यापारी, दोन दंतवैद्य, एक निवृत्त नायब तहसीलदार आणि एक गृहस्थ, जे योगासनांचा वर्ग समजून चुकून आले होते (ते पुढे कार्याध्यक्ष झाले). पहिल्याच सभेत चौकशी होऊन असं निष्पन्न झालं, की रंगनाथरावांचा दम कमी पडला नव्हता. कीटोन कमी पडले होते.

कीटोन म्हणजे पोट रिकामं असताना यकृत चरबीतून जे इंधन तयार करतं ते. आता ते बाटलीत मिळतं. बाटली घेतली की उपाशी न राहता उपाशी राहिल्याचं पुण्य रक्तात जमा होतं. मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटली नाही; साबुदाण्याची खिचडी शोधून काढणाऱ्या समाजाला ती पटायला कितीसा वेळ लागणार? मंडळाने दोन खोकी मागवली. चव नेलपॉलिश काढायच्या द्रवात कुणीतरी जुनी औषधं विरघळवावीत तशी होती. त्यामुळे ते गुणकारी असणार याबद्दल शंका उरली नाही.

शंका फक्त उज्वलाताईंना होती. त्या रंगनाथरावांच्या पत्नी, आणि अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या. त्यांनी आठवडाभर वाचन केलं आणि मंडळाला कळवलं, की उंचीवर याचा उपयोग होतो की नाही याबद्दल संशोधकांचं एकमत नाही. पोट बिघडू शकतं, याबद्दल मात्र बरंच आहे. मंडळाने दुसऱ्या वाक्याची नोंद घेतली नाही. तेव्हा त्यांनी अट घातली : आधी नीट चाचणी घ्यायची, मगच लडाख.

रंगनाथरावांनी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ते घाबरलेले होते. ट्रकची निळी ताडपत्री त्यांना अजून दिसायची. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं होतं आणि आता घरी काय कळवतील, एवढंच डोक्यात होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. भीती बोलून दाखवण्यापेक्षा खोकी मागवणं पुरुषांना सोपं जातं.

चाचणीसाठी कळसूबाईचं शिखर निवडण्यात आलं. तिथे हवा विरळ नसते, पण रविवारी लोखंडी शिड्यांवर गर्दी एवढी असते की श्वास घ्यायला तेवढाच त्रास होतो. वाटेत घोटीला नाश्ता करायचा नाही, असा ठराव होता (तो एकमताने मोडण्यात आला). चार बाटल्यांत कीटोन, चार बाटल्यांत उज्वलाताईंनी तयार केलेलं तितकंच घाणेरडं पाणी : कारल्याचा रस, व्हिनेगर, चिमूटभर हिंग. कुणाची बाटली कोणती हे फक्त त्यांना ठाऊक. पायथ्याच्या वाडीतला लहानू वेळ नोंदवायला आधीच माथ्यावर गेला होता. जाण्यापूर्वी त्याने कारल्याच्या पाण्याचा उरलेला थेंब जिभेला लावून पाहिला.

“लय कडू हे,” तो म्हणाला. “असं आम्ही बैलाला पाजतो. तेबी दोघांनी धरून.”

निकाल असा लागला. कीटोन गट : सरासरी तीन तास बावन्न मिनिटं, त्यापैकी पाऊण तास करवंदीच्या जाळीआड. कारलं गट : दोन तास एकोणपन्नास मिनिटं. पहिले आले रंगनाथराव. देवीच्या देवळापाशी ते हसत उभे होते, आणि कीटोनबद्दल भेटेल त्या अनोळखी माणसाला माहिती देत होते.

उज्वलाताई वर पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतलं.

“तुमच्या बाटलीत कारलं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि चिठ्ठी टाकून नव्हे. तुमची बाटली मी ठरवून भरली. गेल्या वर्षी ट्रकमधून त्या लोकांनी फोन केला, तो मी घेतला होता. माझ्या जिवाचं काय झालं ते मला माहीत.”

शास्त्रीयदृष्ट्या ही गंभीर त्रुटी होती. रंगनाथरावांनी तिच्याकडे तसं पाहिलं नाही. त्यांनी प्रथमच बायकोला ताडपत्रीबद्दल सांगितलं.

“मग सांगायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “या खेपेला मी येते. दहा दिवस आधी जायचं, नुसतं बसायचं, हळूहळू चालायचं. शरीराला कळू दे आपण कुठे आलोय ते.”

मंडळाने निकालावर तीन सभा घेऊन ठराव केला, की कळसूबाई कीटोनच्या मानाने बुटकी आहे.

पुढच्या सप्टेंबरात दोघं दहा दिवस आधी लडाखला गेली. रंगनाथराव पहिले चार दिवस बसले, पुढचे सहा दिवस चालले आणि अकराव्या दिवशी एकवीस किलोमीटर आपल्या पायांनी पार करून शेवटून तिसरे आले. रेषेपलीकडे उज्वलाताई रडत होत्या, आणि विचारेल त्याला डोळ्यांना वारा लागतोय असं सांगत होत्या.

मंडळाच्या अहवालात या यशाची कारणमीमांसा आहे. कारलं : एक्क्याण्णव टक्के. हिंग : सात टक्के. दहा दिवस आधी जाणं, पत्नी इत्यादी किरकोळ बाबी : दोन टक्के. नाशकातून आता रोज फोन येतात. उज्वलाताई प्रत्येकाला शांतपणे सांगतात, की त्या पाण्याने काहीही होत नाही, दहा दिवस आधी जा. समोरचा माणूस सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, पण रस सकाळी घ्यायचा की रात्री?

आपण तसं विचारणाऱ्यांपैकी नाही, हे उघडच आहे. तरीही, केवळ माहिती म्हणून : कारलं साल न काढता घ्यावं.